महागाईचा आकडा आणि आपला घरखर्च

मिरचीचा हंगाम सुरू झाला की नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडते. तिचे देठ खुडायला आपल्या अनेक माय-भगिनी मजुरीने जातात. संध्याकाळी घरी परतताना तीच मिरची त्यांना किराणा दुकानातून छटाक-पावशेर अशी विकत घ्यावी लागते. मिरचीचा भाव वाढला म्हणून खुडणाऱ्या हाताची मजुरी त्याच दिवशी वाढत नाही. महागाईचे मूळ दुखणे हेच आहे.

वर्तमानपत्रात महागाईची टक्केवारी छापून येते. ती ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढतात. धान्य, भाजीपाला, तेल, घरभाडे, औषधे, प्रवास, शिक्षण अशा वस्तू व सेवांच्या किमती दरमहा नोंदवून मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी त्यांची तुलना केली जाते. परंतु ही सरासरी असते. ऑक्टोबर 2024 मध्ये देशातील एकूण महागाई 6.21 टक्के होती, तर खाद्यपदार्थांची 10.87 टक्के.

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. एका मजूर कुटुंबाचा महिन्याचा खर्च 10,000 रुपये असून त्यातील 6,000 खाण्यावर जातात. दुसऱ्या नोकरदार कुटुंबाचा खर्च 40,000 असून खाण्यावर 12,000 जातात. खाद्यपदार्थ 10.87 टक्क्यांनी वाढले, तर मजुराचा खर्च 652 रुपयांनी, म्हणजे साडेसहा टक्क्यांनी वाढतो. नोकरदाराचा 1,304 रुपयांनी वाढतो, पण तो सव्वातीन टक्केच. गरिबाला महागाई दुप्पट लागते ती अशी.

दुसरा गैरसमज असा, की दर खाली आला म्हणजे भाव उतरले. 100 रुपयांची वस्तू 10 टक्क्यांनी वाढून 110 झाली आणि पुढच्या वर्षी दर 2 टक्क्यांवर आला, तरी ती 112 रुपये 20 पैशांना मिळते. वाढीचा वेग मंदावतो, वाढलेला भाव तसाच राहतो.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकानुसार दर तीन महिन्यांनी बदलतो. रोजंदारीवर राबणाऱ्याला असा भत्ता नाही. त्याच्या घरात आधी डाळ पातळ होते, मग दूध बंद होते, मग मुलांच्या वह्या-पुस्तकांवर गदा येते. शेवटी ऊसतोडीला गुजरातेत जाण्यासाठी मुकादमाकडून जादा उचल घेतली जाते आणि पुढचा हंगाम ती फेडण्यातच जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात रुपयाच्या क्रयशक्तीच्या स्थैर्याला महत्त्व दिले होते. रुपयाने देशात वस्तू किती मिळतात, हा प्रश्न गरिबाच्या ताटाशी जोडलेला आहे.

मग आपण काय करावे? महिन्याचा हिशेब वहीत लिहावा. रेशनकार्डावर सुनेचे व नवजात बालकाचे नाव चढवून घ्यावे. 1 जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य मोफत झाले असून प्राधान्य कुटुंबाला ते माणशी 5 किलो मिळते. नाव नसेल तर तेवढे धान्य बुडते. अडीनडीसाठी सावकाराऐवजी बचत गटाचा आधार घ्यावा. सण-समारंभाचा खर्च आधी आवरावा. मुलांच्या, विशेषतः मुलींच्या शिक्षणाला मात्र कात्री लावू नये. भाव उद्या स्थिरावतील, पण शाळेतून एकदा काढलेली मुलगी पुन्हा वर्गात बसेलच असे नाही.