युरियाची गोळी चार चुडांच्या मधोमध



आपल्या पनवेलकडे भाताची लावणी म्हणजे बायकांचंच काम. मग खत कुठे पडतं, तेही आपणच बघूया.

भरल्या खाचरात युरिया फेकला, की थोडा पाण्यासोबत वाहून जातो, थोडा वायू होऊन हवेत उडतो. खाऱ्या जमिनीत तर जास्तच. पैसे मात्र पूर्ण गोणीचे जातात.

यावर डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत सोपा उपाय आहे. दोरी धरून आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटरवर चूड लावायचे. १५ सेंटिमीटरच्या चौकोनात चार चूड येतात. त्यांच्या मधोमध, लावणीच्याच दिवशी, युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. तिथला चिखल खत धरून ठेवतो, मुळांना ते हळूहळू मिळतं.

गुंठ्याला साधारण ६३० गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलो लागतात. पाणी झपाट्याने मुरणाऱ्या खाचरात मात्र याचा फायदा कमी.

गोळी खोचायला वेळ जातो, कंबर दुखते. म्हणून गटाने पाळीपाळीने एकमेकींच्या शेतात जा. यंदा निदान एका खाचरात करून बघा, शेजारी फेकलेल्या युरियाचं खाचर ठेवा आणि कापणीला दोन्हीकडचं भात मापून घ्या.