आभासी वास्तवातील तिरंदाजी : शिक्षणाचे नवे साधन आणि त्याच्या मर्यादा

तिरंदाजी शिकावयाची तर मोकळे मैदान, धनुष्यबाण, लक्ष्यफलक आणि जाणता प्रशिक्षक या चार गोष्टी आवश्यक असतात. यांपैकी एकही गोष्ट सर्वच गावांत सहज मिळते असे नाही. अशा वेळी बंद खोलीत उभे राहून, हाती खरे धनुष्य न घेता शरसंधानाचा सराव करता आला तर तो कोणाला नको वाटेल? ‘आभासी वास्तव’ या तंत्रामुळे असा खेळ आज शक्य झाला आहे. शाळेसाठी किंवा गावाच्या क्रीडा केंद्रासाठी हे साधन घ्यावे काय, हा प्रश्न शिक्षकांपुढे व पंचायत सदस्यांपुढे येऊ शकतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा खेळ कसा चालतो, तो काय शिकवितो आणि काय शिकवू शकत नाही, हे समजून घेणे इष्ट ठरेल.

यंत्राची रचना

आभासी वास्तव ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर चढवावयाचे असे पहिले यंत्र तयार केले. ते इतके जड होते की छताला टांगूनच वापरावे लागे. पुढे पडदे, भिंगे व संवेदक लहान आणि स्वस्त होत गेले. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह ही यंत्रे सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली आणि पुढे संगणकाची जोड न लागणारी यंत्रेही मिळू लागली.

या यंत्राचे दोन भाग असतात. पहिला भाग डोळ्यांवर बांधावयाचा हेडसेट. त्यात दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळविली की संवेदक ती हालचाल टिपतात व दृश्यही तत्काळ वळते. हे चित्र सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने उमटत असल्याने आपण त्या जागी प्रत्यक्ष उभे आहोत असा भास होतो. दुसरा भाग म्हणजे दोन्ही हातांत धरावयाचे दोन कंट्रोलर. तिरंदाजीच्या खेळात त्यांपैकी एक धनुष्याची मूठ होतो व दुसरा बाण ओढणारा हात होतो.

व्हॉल्व्ह या कंपनीच्या ‘द लॅब’ या २०१६ च्या खेळसंग्रहातील ‘लाँगबो’ हा या प्रकारचा एक परिचित खेळ होय. त्यात खेळणारा किल्ल्याच्या तटावर उभा असतो आणि दरवाजावर चालून येणाऱ्या शत्रूंना बाणांनी थोपवितो. जवळच्या शेगडीत बाणाचे टोक धरले तर ते पेटते. प्रत्यंचा ओढताना हातातील कंट्रोलर थरथरतो आणि ताण वाढत असल्याची जाणीव देतो.

शिकण्याचा क्रम

नवशिक्याने प्रथम उभे राहण्याकडे लक्ष द्यावे. लक्ष्याकडे छाती करून उभे राहण्याची अनेकांना सवय असते. त्याऐवजी खांदा लक्ष्याकडे करावा व पाय खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवावेत. उजव्या हाताने ओढणाऱ्याने डाव्या हातात धनुष्य धरावे. बाणाची खाच प्रत्यंचेजवळ नेली की बहुतेक खेळांत बाण आपोआप बसतो. नंतर कंट्रोलरची कळ दाबून धरावी, हात मागे ओढावा व कळ सोडावी. बाण सुटतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. यंत्राला स्नायूंचा जोर कळत नाही. त्याला कळते ते दोन हातांमधील अंतर आणि त्या हातांना जोडणारी रेषा. अंतरावरून बाणाचा वेग ठरतो, तर रेषेवरून त्याची दिशा. यास्तव ओढणारा हात प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, म्हणजे गालाजवळ किंवा हनुवटीखाली, आणण्याची सवय लावणे हितावह असते. हात कधी छातीपाशी व कधी कानामागे गेला तर नेम एकच असूनही बाण निरनिराळ्या ठिकाणी पडतात. आरंभी कंट्रोलर हेडसेटवर आपटतो. हात चेहऱ्यापासून दोन बोटे दूर ठेवला की ही अडचण दूर होते.

दोन्ही डोळे उघडे ठेवले असता धनुष्याच्या दोन प्रतिमा दिसतात आणि नेम कशाने धरावा असा प्रश्न पडतो. आपला प्रधान डोळा कोणता ते आधी पाहून घ्यावे. दोन्ही तळहातांमध्ये लहान फट ठेवून त्यातून दूरची वस्तू पाहावी व आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने ती वस्तू फटीत टिकून दिसते तो प्रधान डोळा होय. बाण सुटल्यानंतरही धनुष्याचा हात क्षणभर स्थिर ठेवावा. कळ सोडताच हात खाली टाकण्याची सवय हेच नवशिक्यांचे नेम चुकण्याचे एक मोठे कारण असते.

बाणाचा मार्ग

बाण सरळ रेषेत जात नाही, हे पुस्तकात वाचून समजते, परंतु पटते ते अनुभवाने. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह तिरंदाजीत लक्ष्य ७० मीटरवर असते. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर व दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १२.२ सेंटिमीटर असतो. सेकंदाला सुमारे ६० मीटर वेगाने निघालेल्या बाणास तेथे पोहोचण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला मूळ रेषेच्या सुमारे सात मीटर खाली आणते. म्हणून धनुष्य वर उचलून बाण सोडावा लागतो.

बाणावरील गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जेथे दाखविलेला असतो अशा खेळात ही गोष्ट विद्यार्थ्याला काही मिनिटांत उमगते. जवळचे लक्ष्य, दूरचे लक्ष्य, उंचावरून खाली सोडलेला बाण असे प्रयोग एकापाठोपाठ करता येतात. बाण वेचून आणण्यात वेळ जात नाही, बाण मोडत नाहीत आणि कोणाला इजाही होत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला प्रक्षेप्याची गती शिकविण्यासाठी याहून रंजक उदाहरण क्वचितच सापडेल.

मैदान काय मागते

परंतु येथेच या साधनाची मर्यादाही स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष तिरंदाजाला प्रत्यंचा पूर्ण ओढून धरण्यासाठी साधारणतः २० किलो वजन तोलण्याइतका जोर लावावा लागतो आणि रिकर्व्हच्या मानांकन फेरीत असे ७२ बाण सोडावे लागतात. पाठीचे व खांद्याचे स्नायू या कामासाठी हळूहळू तयार करावे लागतात. हातातील हलका कंट्रोलर ही तयारी करून देऊ शकत नाही. वारा, ऊन, घामेजलेली बोटे आणि स्पर्धेतील दडपण यांचा परिचयही मैदानावरच होतो.

महाराष्ट्राचा अनुभव हेच सांगतो. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेतून राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेथे तिरंदाजीकडे वळला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने देशाचे प्रतिनिधित्व केले. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कम्पाउंड प्रकारात साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही वैयक्तिक विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळविले. या दोघांचीही जडणघडण साताऱ्यातील प्रशिक्षण केंद्रात, प्रत्यक्ष मैदानावर झाली.

घातक ठरणाऱ्या सवयी

खेळातील काही सवयी मैदानावर धोक्याच्या ठरतात. आभासी धनुष्याची प्रत्यंचा बाण न लावता ओढून सोडली तरी काहीच घडत नाही. खऱ्या धनुष्याच्या बाबतीत मात्र बाणाला मिळावयाची शक्ती धनुष्यातच राहते. त्यामुळे धनुष्य तडकू शकते व सोडणाराही जखमी होऊ शकतो. खेळात जे हलते त्यावर बाण सोडावयाचा असतो, तर मैदानावर कोणाही माणसाच्या वा जनावराच्या दिशेने धनुष्य रोखणे हाच गंभीर अपराध मानला जातो. मैदानाची शिस्त शिट्टीवर चालते. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यावे, एक झाली की बाण सोडावेत आणि तीन झाल्या की बाण आणावयास जावे. सर्वांचे बाण सोडून झाल्याशिवाय कोणीही रेषेपुढे जावयाचे नसते. ही शिस्त खेळात नसते, म्हणून शिक्षकाने ती आरंभापासून मुद्दाम शिकविली पाहिजे.

वापरताना घ्यावयाची दक्षता

हेडसेट लावलेल्या मुलाला सभोवारचे काही दिसत नाही. म्हणून निदान दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद अशी मोकळी जागा ठेवावी, बाके दूर सारावीत आणि एक मोठा माणूस सतत जवळ उभा असावा. कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकविल्याशिवाय खेळ सुरू करू नये. काहींना मळमळ होते किंवा डोके दुखते. तसे वाटताच यंत्र उतरवावे. आरंभी दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरे. एकच हेडसेट अनेक मुलांनी वापरावयाचा असल्यास डोळ्यांभोवतीचा भाग प्रत्येक वेळी स्वच्छ पुसावा. उत्पादकांनी घालून दिलेली वयोमर्यादाही पाळावी. अगदी लहान मुलांसाठी ही यंत्रे नाहीत.

उपसंहार

आभासी तिरंदाजी ही मैदानाकडे जाणारी एक पायरी आहे. उभे राहण्याची रीत, कृतींचा क्रम, हाताची स्थिरता आणि बाणाच्या मार्गाची जाण या गोष्टी ती आनंदाने शिकविते. ज्या मुलाने कधी धनुष्य पाहिलेले नाही त्याच्या मनात ती आवड निर्माण करू शकते. कम्पाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला असल्याने या खेळाकडे वळणाऱ्या मुलांची संख्या वाढण्याची शक्यता आहे. तथापि मर्यादित निधीतून निवड करावयाची वेळ आली तर हलकी धनुष्ये, भक्कम लक्ष्यफलक, बाण अडविणारा सुरक्षित आडोसा आणि प्रशिक्षित शिक्षक यांना अग्रक्रम मिळावा. हे सारे उपलब्ध असलेल्या ठिकाणी पावसाळ्यातील सरावासाठी, विज्ञानाच्या तासासाठी किंवा नव्या मुलांच्या पहिल्या ओळखीसाठी आभासी धनुष्याची जोड अवश्य द्यावी. यंत्राने जागविलेल्या उत्सुकतेला मैदानाची साथ मिळाली, तरच खेड्यापाड्यांतील मुलांच्या अंगच्या गुणांना खरा वाव मिळेल.