संगणकांची पाळी

मंडळी, उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटले की पहिला प्रश्न काय? “माझी पाळी केव्हा?” पाळीपत्रक नीट असेल तर टोकाच्या शेतालाही पाणी पोचते. नसेल तर वरच्याचा ऊस डोलतो आणि खालचा बांधावर बसून राहतो.

मोठमोठ्या संगणकांपुढेही हाच प्रश्न असतो. हवामानाच्या अंदाजासारखी गणिते एका यंत्राला झेपत नाहीत. म्हणून पुष्कळ संगणक तारांनी जोडून त्यांचा एक ताफा करतात. त्यांवर बहुधा लिनक्स प्रणाली चालते. पण संशोधक फार आणि यंत्रे मोजकी! तेव्हा पाळी लावायला पाटकरी हवा. ‘स्लर्म’ ही आज्ञावली म्हणजे असाच एक पाटकरी. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तिचा आरंभ झाला. ती कोणालाही मोफत घेता येते.

तिची मांडणी अशी. मुख्य संगणकावर पाटकरी बसतो, बाकीच्या प्रत्येक यंत्रावर त्याचा एक मदतनीस. सर्वांजवळ एकच वही असते, तिचे नाव ‘स्लर्म.कॉन्फ’. तीत प्रत्येक यंत्राचे नाव, त्याची ताकद, त्याची स्मृती आणि कामाला मिळणारा जास्तीत जास्त वेळ लिहितात. ओळख पटावी म्हणून सर्वांकडे एकच गुप्त किल्ली ठेवतात, आणि घड्याळेही जुळवून घेतात. या वहीत फुगवून लिहून चालत नाही बरे! यंत्रात आहे त्याहून जास्त स्मृती नोंदवली, तर पाटकरी त्या यंत्राला बाजूला काढतो आणि नवे काम देत नाही. म्हणून आधी मोजावे, मग लिहावे.

आता खरी गंमत पाहा. समजा, यंत्रे आठ आहेत. सहा यंत्रे अजून चार तास गुंतलेली, दोन मोकळी. रांगेत पहिल्या गृहस्थांना आठही यंत्रे हवीत, म्हणून ते थांबले आहेत. त्यांच्या मागच्या बाईंना दोनच यंत्रे हवीत, तीन तासांसाठी. पाटकरी त्यांना लगेच काम देतो. कारण पुढच्याची पाळी येण्याआधी त्या मोकळ्या होतील. कोणाचे नुकसान नाही, आणि यंत्रेही रिकामी राहिली नाहीत.

पण त्याच बाईंनी धास्तीने दहा तास मागितले असते तर? त्या थांबल्या असत्या, आणि दोन यंत्रे चार तास उगीच पडून राहिली असती. उलट फारच कमी वेळ सांगितला, तर वेळ संपताच काम अर्धवट बंद होते. तेव्हा अंदाज प्रामाणिक हवा, वर थोडी सवड ठेवलेली.

गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला. आठ मुले यंत्रे होतील, एक पाटकरी. पाळी केवळ रांगेने चालत नाही. आपली गरज खरी सांगणाऱ्यांवर ती चालते, हे मुलांना आपोआप कळेल.