मुंबई आणि मँचेस्टर

मुळशीच्या धरणावर उभे राहिले म्हणजे दूरवर पाणीच पाणी दिसते. ह्या पाण्याखाली आपल्याच मुलखातली जुनी गावे आहेत. ती कशासाठी बुडाली? मुंबईला वीज हवी होती म्हणून. इंग्लंड देशात मँचेस्टर नावाचे शहर आहे. त्याच्यासाठीही एक गाव असेच बुडाले. तेव्हा ह्या दोन शहरांची हकीकत आपण समजून घेऊ.

आधी जागा पाहू. मुंबई समुद्रकाठी आहे. पूर्वी ती सात बेटे होती. मधली खाडी भरून एक शहर झाले. तिथे उकाडा फार, आणि पाऊस चार महिने कोसळतो. मँचेस्टर समुद्रापासून आत, इर्वेल नदीवर आहे. तिथे थंडी मोठी. पाऊस बारा महिने भुरभुरतो. पण हवा दोन्हीकडे दमट. दमट हवेत सुताचा धागा सहसा तुटत नाही. म्हणून दोन्ही ठिकाणी गिरण्यांना हवा मानवली.

मँचेस्टरच्या गिरण्या आधीच्या. जवळच कोळशाच्या खाणी होत्या. १८३० साली तिथून लिव्हरपूल बंदरापर्यंत आगगाडी सुरू झाली. कापूस मात्र तिथे पिकत नाही. तो अमेरिकेतून आणि आपल्या देशातून बोटीने जाई. त्याचे कापड होऊन आपल्याच बाजारात येई. त्यापायी आपला विणकर बसला.

१८५४ साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईत कापडाची गिरणी काढली. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली. तिकडचा कापूस थांबला. मँचेस्टरकडचे मजूर उपाशी राहिले, आणि मुंबईचे कापूस-व्यापारी गबर झाले. लढाई संपली, भाव कोसळले, तेव्हा मुंबईतल्या पेढ्याही बुडाल्या. एका गावची चूल दुसऱ्या गावच्या बाजाराला अशी बांधलेली असते.

कोकणातून, घाटावरून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली. परळ-लालबागच्या चाळींत राहिली. तिथे भजने झाली, गणपती बसले, कबड्डी रंगली. मँचेस्टरच्या कामगारांना फुटबॉलचे वेड. तिथला एक जगप्रसिद्ध संघ १८७८ साली रेल्वेच्या कामगारांनीच काढला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला चार घटका खेळ हवाच, मग देश कोणताही असो.

आता पाण्याचे ऐका. मुंबईजवळ कोळसा नाही. म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले. शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते. त्यांनी तुरुंगवास सोसला. तरी धरण झालेच. १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली, आणि ती मुंबईला गेली.

तिकडे मँचेस्टरला पाणी कमी पडे. म्हणून १९२९ पासून उत्तरेच्या डोंगरात हॉजवॉटर तळ्यावर धरण बांधू लागले. तिथे मार्डेल हे लहानसे गाव होते. घरे पाडली, चर्च पाडले. पुरलेली माणसेसुद्धा उकरून शॅप गावी पुन्हा पुरली. दुष्काळात पाणी आटले म्हणजे तिथल्या जुन्या भिंती अजून वर येतात.

आज दोन्ही शहरांतल्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. मुंबईत १९८२ च्या मोठ्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड झाली. गिरण्या गेल्या, पण बुडालेली गावे काही परत आली नाहीत.

मंडळी, शहर वाढावे, दिवे लागावेत, ह्याला आपली ना नाही. पण ते दिवे कोणाच्या पाण्यावर लागतात, ते विसरू नये. आणि आणखी एक. उद्या जमिनीचा कागद घरी आला, तर तो दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. आता तुम्हांला अक्षर येते. स्वतः वाचा, चारचौघांत विचार करा, आणि मगच सही करा.