ज्या ते साइन, आणि नांदगावची वेगळी वाट

त्रिकोणमितीतल्या ‘साइन’चे मूळ धनुष्याच्या दोरीत आहे. वर्तुळाचा कंस म्हणजे चाप आणि त्याची टोके जोडणारी रेषा म्हणजे ज्या. ग्रीक ज्योतिषी पूर्ण ज्या मोजत. भारतीयांनी निम्मी घेतली आणि गणित खूपच सुटसुटीत झाले. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरून, पावणेचार अंशांच्या अंतराने २४ अर्धज्या दिल्या. पुढे वापरात ‘अर्ध’ गळाले आणि नुसती ज्या किंवा जीवा उरली.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिष बगदादला पोहोचले, तिथे जीवेचे ‘जीब’ झाले. अरबीत या शब्दाला स्वतःचा अर्थ नव्हता, आणि स्वरचिन्हे न देता लिहिलेली तीच अक्षरे ‘जैब’ अशीही वाचता येत. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. आपली ‘जेब’ त्यातूनच आली. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द घेतला आणि त्याचे इंग्रजीत साइन झाले. नाकाजवळच्या पोकळ्यांचे नावही तेच. कोटिज्येला, म्हणजे पूरक कोनाच्या ज्येला, जुळणारे कोसाइनचे रूप एडमंड गुंटर यांनी १६२० मध्ये रूढ केले.

या ज्येला बाजूला ठेवणारा एक मोठा ग्रंथ आजच्या रायगड जिल्ह्यातला आहे. पेणहून दक्षिणेला रोहा, आणि रोह्याच्या पश्चिमेला समुद्रकाठी मुरूड तालुक्यातले नांदगाव. तिथल्या केशव दैवज्ञांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ.स. १५२० चा आरंभ धरून ‘ग्रहलाघव’ रचले. त्यात ज्या-चापाच्या कोष्टकांवाचून ग्रह काढता येतात. ज्येच्या जागी साध्या गुणाकार-भागाकाराची आसन्न सूत्रे आहेत. अशा सूत्राचा उत्तम नमुना सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचा. अंशांना १८० मधून ते वजा करून उरलेल्या संख्येने गुणायचे. त्या गुणाकाराच्या चौपटीला, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून आलेल्या संख्येने भागायचे. ३० अंशांना उत्तर नेमके अर्धे येते. ४५ अंशांना ०.७०५९ येते, खरी किंमत ०.७०७१.

गणेश दैवज्ञांनी दिवसगणनाही ४०१६ दिवसांच्या, साधारण अकरा वर्षांच्या चक्रांत बांधली, त्यामुळे मोठमोठे आकडे टळले. हे गणिताच्या अज्ञानातून आलेले नव्हते. ‘लीलावती’ या गणितग्रंथावरची ‘बुद्धिविलासिनी’ ही नामांकित टीका त्यांचीच. पंचांगकर्त्याचे कष्ट वाचवण्यासाठी त्यांनी जाणून केलेली ही निवड होती, आणि ती फळली: पुढची कित्येक शतके महाराष्ट्रातली पंचांगे ग्रहलाघवावरून होत राहिली.