चिंचोके, खिचडी आणि देशाचा अर्थसंकल्प



दरवर्षी २ फेब्रुवारीच्या परिपाठात एक बातमी हमखास वाचली जाते : 'काल संसदेत केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला.' वाचणारा मुलगा 'राजकोषीय' या शब्दावर अडखळतो, बाकीची मुलं हसतात आणि आपण पुढच्या बातमीकडे वळतो. खरं सांगायचं तर मीही कित्येक वर्षं हेच करत होते. मोठ्यांनाच नीट कळत नाही, तर सातवीच्या मुलांना काय कळणार, असं वाटायचं.

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस शालेय पोषण आहाराच्या रांगेत एक प्रसंग घडला. ज्याच्या वडिलांचं किराणा दुकान आहे असा एक मुलगा पुढच्याला म्हणाला, "आमचे पप्पा टॅक्स भरतात ना, त्यातून तुम्हाला ही खिचडी फुकट मिळते." पुढच्या मुलाची आई शेतमजुरीला जाते. तो काहीच बोलला नाही. ताट खाली ठेवून बाहेर जाऊन बसला. मी पहिल्याला रागावले, दुसऱ्याला समजावून जेवायला बसवलं. पण घरी जाताना डोक्यात एकच होतं : रागावणं म्हणजे उत्तर नव्हे. 'तुमचे पैसे' आणि 'आमचे पैसे' हा हिशोब त्या दोघांनाही चुकीचा कळला होता, आणि तो आपण शिकवलाच नव्हता.

त्यानंतर चार तासिकांत जे केलं ते इथे सांगते. साहित्य लागतं ते एवढंच : शंभर चिंचोके, खडू, थोडा लाल रंग आणि बिस्किटाचा एक पुडा.

तासिका पहिली : कर कोण भरतं?

"ज्यांच्या घरी टॅक्स भरतात त्यांनी हात वर करा," असं म्हटल्यावर माझ्या वर्गात दोनच हात वर आले. मग दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा हातात दिला आणि किमतीजवळची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. तिथे इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'सर्व करांसहित'.

इथून गणिताचा तास सुरू होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे मूळ किंमत १०० असेल तर आपण १०५ देतो. मग १० रुपयांत कर किती? १० ला १०५ ने भागून ५ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण ४८ पैसे. त्यातले निम्मे, म्हणजे २४ पैसे केंद्राचे आणि २४ पैसे राज्याचे. दुकानदार हा कर गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे पोचवतो. कागद त्याच्या नावाचा असतो, पैसे मात्र बिस्किट खाणाऱ्याच्या खिशातले असतात.

मुलांना विचारलं, "आता सांगा, कोण कोण कर भरतं?" साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल अशी यादी मुलांनीच केली. सगळ्या वर्गाचे हात वर गेले. आयकर थोडे लोक भरतात, वस्तूंवरचा कर जवळजवळ प्रत्येक जण भरतो, हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

तासिका दुसरी : रुपया येतो कुठून?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारचा एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये धरला होता. हा आकडा फळ्यावर लिहिला तर मुलं नुसती 'बापरे' म्हणतात. म्हणून अर्थसंकल्पासोबत सरकार स्वतःच जे चित्र देतं ते वापरायचं : सगळा पैसा मिळून एक रुपया असेल, तर त्यातले किती पैसे कुठून आले आणि कुठे गेले? एक पैसा म्हणजे एक चिंचोका.

(शिक्षकांसाठी एक सूचना : ५०.६५ लाख कोटी हा आकडा करांतला राज्यांचा वाटा बाजूला काढल्यानंतरचा आहे. 'रुपया' मात्र तो वाटा धरून काढलेला असतो. दोन्हींची सरमिसळ केली की टक्केवारी जुळत नाही.)

जमिनीवर खडूने चौकोन आखून चिंचोके असे मांडले :

- आयकर : २२
- जीएसटी व इतर कर : १८
- कंपन्यांवरचा कर : १७
- कराव्यतिरिक्त उत्पन्न (सरकारी कंपन्या आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडून येणारा लाभांश वगैरे) : ९
- उत्पादन शुल्क (यात मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरचं) : ५
- सीमाशुल्क : ४
- कर्ज सोडून इतर भांडवली जमा : १
- कर्ज : २४

कर्जाचे २४ चिंचोके लाल रंगाने रंगवले होते. "बाई, सगळ्यात मोठा ढीग उधारीचा आहे की!" हे मुलांनी स्वतःहून म्हटलं. 'राजकोषीय तूट' म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, हाच लाल ढीग. एका वर्षात जेवढा खर्च करायचा आणि कर्ज न घेता जेवढं मिळणार, त्यांतला फरक. २०२५-२६ साठी ती सुमारे १५.६९ लाख कोटी रुपये, म्हणजे देशाच्या सकल उत्पादनाच्या ४.४ टक्के धरली होती.

तासिका तिसरी : रुपया जातो कुठे?

इथे आधी आकडे सांगायचे नाहीत. पाच गट करून त्यांना मंत्रालयं वाटून द्या : संरक्षण, शिक्षण, शेती, आरोग्य, रेल्वे. तीन मुलं अर्थ मंत्रालय. प्रत्येक गटाने कागदावर आपली मागणी लिहून द्यायची. माझ्या वर्गात शंभर चिंचोक्यांसाठी एकूण मागणी आली १४०. प्रत्यक्षातही सुरुवात अशीच होते. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास अर्थ मंत्रालय सगळ्या खात्यांना परिपत्रक पाठवतं, खाती आपापले अंदाज देतात आणि मग चर्चेच्या फेऱ्या झडतात.

मागण्या आल्यावर मी अर्थ मंत्रालयाला सांगितलं, आता हे आधी बाजूला काढा :

- करांतला राज्यांचा वाटा : २२
- वित्त आयोगानुसार व इतर हस्तांतरण : ८
- जुन्या कर्जाचं व्याज : २०
- निवृत्तिवेतन : ४

चोपन्न गेले, उरले ४६. वर्ग एकदम शांत झाला. एकाही गटाला व्याजाची आठवण नव्हती. या ४६ मध्येच केंद्राच्या स्वतःच्या योजनांना १६, राज्यांबरोबर चालणाऱ्या योजनांना ८, संरक्षणाला ८, अनुदानांना ६ आणि इतर खर्चाला ८ असे बसवलेले होते.

मग मुलांची खरी चर्चा सुरू झाली. एकाने सुचवलं, "लाल चिंचोके वाढवू." मी विचारलं, "पुढच्या वर्षी व्याजाचा ढीग केवढा होईल?" दुसरी म्हणाली, "बिस्किटावरचा कर वाढवा." तर तेही केंद्राला एकट्याला ठरवता येत नाही. जीएसटीचे दर केंद्र आणि राज्यं मिळून जीएसटी परिषदेत ठरवतात. आरोग्याचा गट हटून बसला होता : "लस कमी करायची की बंदूक, ते तुम्हीच सांगा." मी सांगितलं नाही. आपणही सांगू नये असं मला वाटतं. सगळ्या मागण्या योग्य असतात आणि तरी सगळ्या पुऱ्या होत नाहीत. त्यातून निवड करणं आणि त्या निवडीचं कारण चारचौघांत सांगणं, याचं नाव अर्थसंकल्प. मुलांनी ही अडचण स्वतः सोसली की पुढे वर्तमानपत्र वाचताना ती नुसतं 'दिलं' किंवा 'दिलं नाही' एवढंच बघत नाहीत.

तासिका चौथी : परवानगी कोण देतं?

हा भाग बहुतेक वेळा राहून जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्या संविधानात 'बजेट' हा शब्दच नाही. अनुच्छेद ११२ मध्ये 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' संसदेपुढे ठेवायला सांगितलं आहे. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. सरकारचा जमा झालेला पैसा 'भारताच्या एकत्रित निधीत' जातो आणि संसदेने कायदा केल्याशिवाय त्यातून पैसा काढता येत नाही. म्हणजे १ फेब्रुवारीला अर्थमंत्री वाचून दाखवतात तो प्रस्ताव असतो.

उरलेल्या मुलांची लोकसभा केली. पायऱ्या अशा :

१. प्रत्येक मंत्रालयाने आपली 'अनुदानाची मागणी' मांडायची. लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही.

२. तक्रार असेल तर 'कपात सूचना' आणायची. एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधायचं असेल तर मागणीतून फक्त १०० रुपये कमी करा अशी सूचना खासदार देतात. माझ्या वर्गाने रेल्वेच्या गटाकडून असे १०० रुपये कापायची सूचना दिली, कारण 'आमच्या स्टेशनवर पाणी नाही'. कपात कशासाठी असते ते यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं.

३. व्याजाच्या वीस चिंचोक्यांवर चर्चा होऊ शकते, पण मतदान नाही. तो खर्च एकत्रित निधीवर भारित असतो.

४. मागण्या मंजूर झाल्या की पैसे काढण्यासाठी विनियोजन विधेयक आणि करांसाठी वित्त विधेयक. ही धन विधेयकं असतात. राज्यसभेला चौदा दिवसांत ती परत करावी लागतात, सुचवलेले बदल मानायचे की नाही ते लोकसभा ठरवते. मग राष्ट्रपतींची संमती, आणि १ एप्रिलपासून नवं आर्थिक वर्ष.

५. वर्ष संपल्यावर महालेखापरीक्षक (कॅग) हिशोब तपासतात आणि संसदेची लोकलेखा समिती त्यावर प्रश्न विचारते. "म्हणजे बाई, तपासणी पण असते?" असते, आपल्या वह्यांसारखीच!

घरखर्चाचं उदाहरण जपून वापरा

आपण पटकन म्हणतो, 'घराचं बजेट असतं तसंच देशाचं'. सुरुवातीला ठीक आहे. पण घरात आधी पगार कळतो, मग खर्च बसवतो. सरकार खर्च आणि कर दोन्ही ठरवतं. घराला आपल्या उत्पन्नासाठी शेजाऱ्यांवर कर लावता येत नाही, आणि खर्चासाठी साडेपाचशेच्या आसपास लोकांची मंजुरीही लागत नाही. शिवाय सगळी उधारी सारखी नसते. तांदळाचा खर्च महसुली, तो खाल्ला की संपला. पूल, रेल्वेमार्ग हा भांडवली खर्च, तो पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतो. कर्ज काढलं की वाईटच, असं मुलांच्या मनात पक्कं करू नका. कशासाठी काढलं, हे विचारायला शिकवा.

आता खिचडीचा हिशोब

शेवटची दहा मिनिटं मी त्या रांगेतल्या प्रश्नासाठी ठेवली होती. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य मिळतं, ते केंद्र सरकार देतं. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांसाठी १ मे २०२५ पासून एका ताटाला १० रुपये १७ पैसे ठरले आहेत. त्यात केंद्राचे साधारण ६ रुपये १० पैसे आणि राज्याचे ४ रुपये ७ पैसे. आमच्या तीस मुलांच्या वर्गाचे २२० दिवसांचे झाले ६७,१२२ रुपये. हा गुणाकार मुलांनीच केला. आपण शाळांतून पटसंख्या भरतो, ती तालुका, जिल्हा, राज्य असं करत दिल्लीपर्यंत जाते आणि तिच्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधला जातो. म्हणजे अर्थसंकल्पातला एक छोटासा आकडा आपल्या हजेरीपटावरून निघतो!

२०२५-२६ मध्ये या योजनेसाठी केंद्राने १२,५०० कोटी ठेवले होते. आपल्या शंभर चिंचोक्यांत ते किती? एका चिंचोक्याचा साधारण पाचवा भाग. एका मुलाने दगडाने चिंचोका फोडायचा प्रयत्नही केला. आणि तो तुकडा कुणाच्या पप्पांचा? साबण घेणाऱ्या, बिस्किट घेणाऱ्या, एसटीने जाणाऱ्या सगळ्यांचा. शिवाय हे जेवण २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने मुलांचा हक्क आहे. त्यामुळे ते फुकट नाही आणि कुणाचे उपकारही नाहीत.

मी त्या दोघांचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या आईचा तो मुलगा घडी केलेला बिस्किटाचा कागद घेऊन आला. "बाई, हा पाच रुपयांचा आहे. यातले बारा पैसे दिल्लीला गेले ना?" दुकानदाराच्या मुलाने शेजारून हिशोब तपासला आणि म्हणाला, "बरोबर आहे, आणि बारा मुंबईला."

पालकहो, तुम्ही घरी एवढंच करा. किराण्याचं बिल आलं की मुलांना त्यातला कर शोधायला लावा, आणि १ फेब्रुवारीला टीव्ही लावलात तर विचारा : यंदा लाल चिंचोके किती? शिक्षक मित्रांनो, आकडे दरवर्षी बदलतील, ते नवे घ्या. चौकोन मात्र तेच राहतात. चिंचोके नसतील तर हरभरे चालतील, पण मग तास संपेपर्यंत शंभर उरणार नाहीत, हा अनुभवाचा सल्ला!