जुन्या मोटारीतील विस्तव आणि तिचे दप्तर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, जॉर्जिया राज्याच्या पश्चिम सीमेवरील वेस्ट पॉइंट नावाच्या लहानशा गावी किया या कोरियन कंपनीने जो कारखाना उभारला, त्यातून २००९ सालच्या अखेरीस बाहेर पडलेली पहिली मोटार सोरेंटो ही होती. उंच बांध्याची, हवी असल्यास तिसऱ्या ओळीची आसने मिळणारी, किमतीने माफक आणि १० वर्षे किंवा १ लाख मैल अशा दीर्घ हमीच्या आश्वासनासह विकली गेलेली ही गाडी मध्यमवर्गीय कुटुंबांनी विश्वासाने घरी नेली. पुढे ती जुन्या बाजारात आली आणि पहिल्याहून बेताच्या मिळकतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारी उभी राहिली. न्यू जर्सीत वा टेक्सासात नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्याकडील माणसालाही पहिली मोटार पुष्कळदा अशा बाजारातूनच घ्यावी लागते. म्हणून या गाडीची, आणि तिच्याच इंजिनावर चालणाऱ्या ह्युंदाईच्या सांता फे स्पोर्टची, हकीकत मराठी वाचकासमोर सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

दोषाचे मूळ समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. पिस्टनाची वरखाली होणारी हालचाल चक्राकार गतीत उतरविण्याचे काम क्रँकशाफ्ट करतो. आणि या दोहोंना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाशी जे बेअरिंग बसविलेले असते, त्याचा व फिरत्या पोलादाचा प्रत्यक्ष स्पर्श चालत्या इंजिनात होऊच नये अशी सारी योजना असते, कारण ऑइल पंपाने दाबाखाली ढकललेल्या तेलाचा, केसाहूनही कितीतरी पातळ असा, एक पडदा त्यांच्यामध्ये सतत धरलेला असतो आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या त्या दांड्याचा भार तो पडदाच पेलतो. बैलगाडीच्या आसाला वंगण घालावयाचे राहिले तर चाक करकरू लागते आणि गाडीवानाला उतरून काही करण्याइतकी सवड तरी मिळते. मोटारीच्या इंजिनात तेल क्षणभर अडले तर धातू धातूवर घासतो, तापतो, आणि पुढचे सारे फार वेगाने घडते.

थीटा-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २.४ लिटरच्या आणि टर्बो जोडलेल्या २ लिटरच्या चार सिलिंडरी पेट्रोल इंजिनांत नेमके हेच घडले. क्रँकशाफ्टच्या अंगात तेलासाठी जे मार्ग कोरले जातात, ते कोरताना निघालेला धातूचा कीस पुरता साफ झाला नाही. तो तेलाबरोबर वाहत जाऊन बेअरिंगपाशी अडकला आणि तेलाची वाट अरुंद झाली. प्रथम इंजिन ठोके देऊ लागते, ज्याला गॅरेजमधील माणूस नॉकिंग म्हणतो आणि जे ऐकताच तो ‘इंजिन कामाला आले’ असा निर्णय देतो. कधी तेलाचा दिवा लागतो, कधी तोही लागत नाही. आणि मग भर महामार्गावर इंजिन जाम होऊन गाडी बंद पडते, सुकाणू जड होते, मागून येणाऱ्या वाहनांच्या लोंढ्यात कुटुंब अडकते. याहून वाईट शक्यता अशी की, तुटलेला कनेक्टिंग रॉड इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, तेल उसळून शेकडो अंश तापलेल्या एक्झॉस्टवर पडते, आणि बॉनेटखालून धूर दिसू लागतो तेव्हा मागच्या आसनावरील मुलाचा पट्टा सोडविण्यास फार थोडा वेळ उरलेला असतो.

यंत्र करणाऱ्याच्या हातून चूक होणे हा मानवी व्यवहार आहे आणि तेवढ्यासाठी कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे मी म्हणणार नाही. दोष कळल्यानंतर काय केले, किती विलंबाने केले आणि किती अर्धवट केले, हा मात्र जाब विचारण्याचा विषय आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने २०११ व २०१२ सालच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा मोटारी परत बोलावल्या आणि दोष अलाबामा येथील कारखान्यातील साफसफाईच्या प्रक्रियेपुरता असल्याची कैफियत दिली. त्याच घराण्याचे इंजिन वाहणाऱ्या सोरेंटो, स्पोर्टेज, ऑप्टिमा आणि सांता फे स्पोर्ट मात्र रस्त्यावरच राहिल्या. ही मर्यादा ज्याला पटली नाही तो मनुष्य कंपनीच्याच गुणवत्ता विभागात अडीच दशके सेवा केलेला अभियंता होता. किम ग्वांग-हो हे त्याचे नाव. २०१६ साली अंतर्गत अहवालांचे कागद घेऊन तो अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे गेला. त्याच वर्षी गोपनीय माहिती बाहेर नेल्याचा ठपका ठेवून त्याला नोकरीवरून काढण्यात आले. मार्च २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी सुमारे १२ लाख मोटारी परत बोलावल्या, ज्यांत २०१२ ते २०१४ सालच्या सोरेंटो होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये, सुमारे १६ लाख मोटारींच्या बाबतीत वेळेवर कार्यवाही न केल्याबद्दल, ह्युंदाईला १४ कोटी व कियाला ७ कोटी डॉलरचा दंड ठरला. त्याचा एक भाग रोख, एक भाग सुरक्षिततेच्या कामांवर खर्च करण्याच्या अटीवर आणि उरलेला स्थगित होता. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच प्रशासनाने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक पारितोषिक दिले. आतली माहिती देणाऱ्याला मोबदला देण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात होती. तिच्याखाली दिलेले हे पहिले पारितोषिक. ज्याने मालकाचे मीठ खाल्ले त्याने मालकाच्या ग्राहकांचे प्राण अधिक मोलाचे मानले, याबद्दल मला त्या माणसाविषयी नितांत आदर वाटतो.

दुरुस्तीची कहाणीही सरळ नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार मोटारी पुन्हा बोलवाव्या लागल्या, आणि त्या अशा होत्या की ज्यांचे इंजिन बदलून दिले होते. इंजिन बदलताना उच्च दाबाची इंधननळी नीट बसविली गेली नसल्याचा वा तिला इजा पोचल्याचा संभव होता आणि तिच्यातून पेट्रोल गळून आग लागण्याची भीती होती. त्यानंतर कंपन्यांनी इंजिनावर आधीच असलेल्या नॉक सेन्सरच्या आधाराने बेअरिंगचा थरकाप ओळखणारी एक आज्ञावली मोफत बसवून देण्यास आरंभ केला. ती इशारा देते आणि गाडीचा वेग आपोआप मर्यादित करते. उपाय उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु तो रोगाची चाहूल देणारा आहे, रोग बरा करणारा नव्हे, आणि ‘गाडी परत बोलावून दुरुस्त केली’ अशी नोंद कागदावर झाली म्हणून आतले बेअरिंग नवे झाले असे कोणी समजू नये.

इतके असूनही निजलेल्या घराला धोका दुसऱ्याच वस्तूपासून आहे. अँटिलॉक ब्रेकचा दाब सांभाळणारा जो विद्युत-नियंत्रित संच बॉनेटखाली असतो, त्याच्या आत ब्रेकचे तेल झिरपले तर शॉर्ट सर्किट होऊ शकते. आणि या संचाला किल्ली काढल्यानंतरही बॅटरीचा प्रवाह मिळत असल्यामुळे गाडी उभी असताना, घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये, मध्यरात्रीही आग लागू शकते. मे २०२१ मध्ये कियाने २०१४-१५ च्या सोरेंटो आणि २०१३ ते २०१५ च्या ऑप्टिमा मिळून सुमारे ४ लाख ४० हजार मोटारींच्या मालकांना गाडी घरापासून दूर, उघड्यावर ठेवण्यास सांगितले. सप्टेंबर २०२३ मध्ये हीच सूचना दोन्ही कंपन्यांच्या सुमारे ३३ लाख ७० हजार मोटारींना लागू झाली, त्यांत २०११ ते २०१४ च्या सोरेंटोही आल्या. उपाय ठरला तो फ्यूज बदलण्याचा. मूळ संच जागेवरच राहतो आणि प्रवाहाची मर्यादा तेवढी कमी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरक्षा प्रशासनाने अशा १६ फेरबोलावण्यांची, म्हणजे एकूण ६४ लाख मोटारींची, फेरतपासणी हाती घेतली, हे योग्यच झाले.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठी उणीव धातूत नसून दप्तरात आहे. फेरबोलावणीची नोटीस टपालाने जाते आणि ती नोंदीत असलेल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. गाडी दोनदा विकली गेली, मालकाने बिऱ्हाड बदलले, की ती नोटीस कोणाच्या तरी रिकाम्या पेटीत पडून राहते. १० वर्षांची मूळ हमी पहिल्या मालकापुरती असते. दुसऱ्याच्या वाट्याला ५ वर्षे आणि ६० हजार मैलच येतात. जुनी मोटार विकणाऱ्या व्यापाऱ्याने विक्रीपूर्वी प्रलंबित दुरुस्ती करून घेतलीच पाहिजे असे अमेरिकेचे संघीय कायदे सांगत नाहीत. भाड्याच्या गाड्यांना ते बंधन २०१६ पासून लागू आहे, आणि तेही २००४ साली कॅलिफोर्नियात, प्रलंबित दुरुस्तीच्या भाड्याच्या मोटारीला आग लागून रेचेल व जॅकलिन हाऊक या तरुण बहिणी मृत्युमुखी पडल्या, त्यांच्या आईने वर्षानुवर्षे तगादा लावला तेव्हा. शिवाय नोटीस निघते त्या दिवशी पहिल्या विक्रीला १५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर दुरुस्ती मोफत करून देण्याचे कायदेशीर बंधनच उरत नाही. २०११ च्या सोरेंटोंपैकी पहिल्याने विकल्या गेलेल्या गाड्या या सीमारेषेपाशी येऊन पोचल्या आहेत. यंत्र जितके जुने आणि त्याचा मालक जितका गरजू, तितके कायद्याचे छत्र आखूड, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते.

भारतात विकली गेलेली सांता फे डिझेल इंजिनाची होती, त्यामुळे हा विशिष्ट दोष आपल्या रस्त्यांवर आला नाही. परंतु आपल्याकडे २०१२ पासून फेरबोलावणी केवळ उत्पादकांच्या स्वेच्छेवर होती. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम घालून ती सक्तीची करण्याचा अधिकार सरकारला दिला. गाडीची मालकी बदलताना आर.टी.ओ.त २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतातच. प्रलंबित दुरुस्ती आहे की नाही याची नोंद त्याच वेळी सक्तीने घेतली, तर नव्या मालकाला ती माहिती हाती मिळेल, आणि त्यासाठी वेगळे खाते उघडावे लागणार नाही.

अमेरिकेत अशी मोटार घेणाऱ्याने पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून दिसणारा १७ अक्षरांकांचा ओळख-क्रमांक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहावा, आणि सौदा त्यानंतरच करावा. जे बाकी निघेल ते मोटारीच्या कंपनीच्या अधिकृत शोरूममध्ये मोफत करून घ्यावे, पावती जपून ठेवावी, आणि कंपनीला नव्या मालकाचे नाव व पत्ता कळवावा. थीटा-२ इंजिनांच्या बाबतीत नॉक सेन्सरची आज्ञावली बसविल्याची पावती विशेष महत्त्वाची, कारण कंपन्यांनी त्या इंजिनांना देऊ केलेली आजीवन हमी त्या अटीवर अवलंबून आहे आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही लागू पडते. डिपस्टिक काढून तेलाची पातळी नियमाने पाहावी, कारण ते कमी पडल्यास दिवा लागेपर्यंत बेअरिंगची झीज होऊन गेलेली असते. फ्यूज बदलून घेईपर्यंत गाडी रात्री घराला लागून असलेल्या गॅरेजात न ठेवता अंगणापलीकडे उघड्यावर लावावी, मग बाहेर बर्फ पडत असले तरी.